यातला बोर्ड नेमका कोणता?

टेबलावर एकच डेव्हलपमेंट बोर्ड असतो तेव्हा प्रश्न एकच असतो: काय बिघडलं? बोर्ड सहा झाले की त्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो: आत्ता बोलतंय कोण? ब्लूटूथने बोलणारे दोन सेन्सर, त्यांचं ऐकणारा गेटवे, कॅन बसवरचे तीन नोड, आणि हे सगळं एकाच लॅपटॉपला जोडलेलं. पुण्या-पिंपरीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर असं दृश्य रोज दिसतं. अशा टेबलावर सर्वात जास्त वेळ कोड वाचण्यात जात नाही. तो ओळख पटवण्यात जातो. या ओळखीच्या मागे काय काय दडलंय, ते फारच मजेशीर आहे.

१२७ चा आकडा आणि त्याचं खरं रूप

एका यूएसबी कंट्रोलरला जास्तीत जास्त १२७ उपकरणं जोडता येतात. यूएसबीचा पत्ता ७ बिटांचा. म्हणजे एकूण १२८ पत्ते. त्यातला ० हा नव्याने आलेल्यांसाठी राखून ठेवलेला. कुठलंही उपकरण जोडलं की आधी ते शून्य पत्त्यावरच उत्तर देतं, मग संगणक त्याला स्वतंत्र पत्ता देतो. म्हणूनच दहा बोर्डांचा हब एकदम लावला, तरी संगणक त्यांची दखल एकेक करूनच घेतो. दोघे एकाच वेळी शून्यावर बोलले तर कुणाचंच काही समजणार नाही.

या १२७ मध्ये हबसुद्धा मोजले जातात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकापुढे एक असे जास्तीत जास्त पाच हब लावता येतात. सहाव्या हबला परवानगी नाही.

प्रत्यक्षात १२७ च्या जवळपासही कुणी पोहोचत नाही. प्रत्येक बोर्ड एकटा येत नाही, तो चार-सहा 'एंडपॉइंट', म्हणजे माहितीच्या वाटा, घेऊन येतो. सिरियलसाठी काही, डीबगरसाठी काही, आणि बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसत असेल तर त्यासाठी आणखी काही. इंटेलच्या काही चिपसेटमध्ये कंट्रोलरला असे ९६ एंडपॉइंटच सांभाळता येतात. ते संपले की लिनक्स स्पष्ट सांगतं, नव्या उपकरणासाठी होस्ट कंट्रोलरकडे साधनसामग्री उरलेली नाही. अशा वेळी केबल बदलून, हब बदलून काही होत नाही. दुसरं कंट्रोलर कार्ड बसवावं लागतं, नाहीतर दुसरा संगणक घ्यावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट. यूएसबी ज्यांच्या नावाशी जोडली गेली आहे ते इंटेलचे अजय भट्ट मूळचे वडोदऱ्याचे. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. गायकवाडांच्या त्या नगरीशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे, म्हणून हे सांगताना आनंद होतो.

आधी येईल तो शून्य

लिनक्समध्ये सिरियल पोर्टना टीटीवाय-यूएसबी-०, टीटीवाय-यूएसबी-१ अशी नावं मिळतात, आणि ती आगमनाच्या क्रमाने मिळतात. काल गेटवे शून्य होता, आज संगणक पुन्हा सुरू केल्यावर सेन्सर शून्य झाला, आणि तुमची स्क्रिप्ट गेटवेचं फर्मवेअर इमानेइतबारे सेन्सरवर टाकून मोकळी झाली. चूक ना बोर्डची, ना स्क्रिप्टची.

यावरचा उपाय लिनक्समध्येच तयार असतो, पण अनेकांना तो माहीत नसतो. '/डेव्ह/सिरियल' या फोल्डरात 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' असे दोन उपफोल्डर असतात. पहिल्यात बोर्डच्या स्वतःच्या सिरियल नंबरवरून बनलेलं नाव, दुसऱ्यात तो कुठल्या हबच्या कुठल्या भोकात बसलाय त्यावरून बनलेलं नाव. बोर्डला स्वतःचा नंबर असेल तर पहिलं वापरावं. नसेल तर दुसरं वापरावं, आणि हबच्या प्रत्येक पोर्टवर कागदी चिठ्ठी चिकटवावी. ही चिठ्ठी मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

'असेल तर' असं म्हटलं, कारण सगळ्यांना नंबर नसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो नॅनो बोर्डांवर बहुधा सीएच-३४० ही यूएसबी-सिरियल चिप असते. काम चोख करते, पण तिच्याकडे सिरियल नंबर नाही. असे चार बोर्ड लावले तर संगणकाच्या लेखी चौघंही सारखेच. 'बाय-आयडी'मध्ये चौघांचं नाव एकच होतं, आणि शेवटी तिथे एकच दुवा दिसतो. सीपी-२१०२ ची तऱ्हा आणखी गमतीची. तिच्याकडे नंबर असतो, पण बोर्ड बनवणाऱ्याने तो बदलला नाही, तर सगळ्यांवर तोच कारखान्यातला '०००१' राहतो. एफटीडीआय या ग्लासगोच्या कंपनीच्या चिपांना मात्र प्रत्येकीला वेगळा नंबर मिळतो.

एफटीडीआयच्या चिपांच्या नकलाही बाजारात खूप आहेत. २०१४ साली विंडोज अपडेटमधून एफटीडीआयचा एक ड्रायव्हर आला आणि त्याने नकली चिपांचा उत्पादन-क्रमांक सरळ शून्य करून टाकला. जगभरातले कितीतरी बोर्ड संगणकाला ओळखू येईनासे झाले. ज्यांनी ते बोर्ड विश्वासाने विकत घेतले होते, त्यांना आतली चिप नकली आहे हे कळायला मार्गच नव्हता. आरडाओरडा झाला, आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

नव्या बोर्डांची परिस्थिती पुष्कळ चांगली आहे. ईएसपी-३२ च्या सी-३ आणि एस-३ या जातींमध्ये यूएसबी चिपच्या आतच आहे, आणि सिरियल नंबर म्हणून ती आपला मॅक पत्ता सांगते. एसटीएम-३२ च्या पोटात ९६ बिटांची ओळख कारखान्यातच कोरलेली असते. रास्पबेरी पाय पिकोचं प्रकरण वेगळं. तिच्या आरपी-२०४० या मुख्य चिपला स्वतःची ओळखच नाही. पिको जो नंबर सांगते तो शेजारच्या फ्लॅश मेमरीचा असतो. फ्लॅश काढून दुसरी लावली, की तीच पिको वेगळ्या नावाने हजर!

बीबीसी मायक्रो:बिट हा बोर्ड २०१६ साली ब्रिटनमधल्या सुमारे १० लाख शाळकरी मुलांना मोफत वाटला गेला. त्याच्या ओळख-क्रमांकाचे पहिले चार अंक बोर्डची जात आणि आवृत्ती सांगतात. ९९०० किंवा ९९०१ दिसलं तर पहिली आवृत्ती, ९९०३ किंवा ९९०४ दिसलं तर दुसरी. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूचा किती बारकाईने विचार केलेला असू शकतो, याचं हे उत्तम उदाहरण.

कॉम-२५६

विंडोजचा हिशेब वेगळा. बोर्डला स्वतःचा नंबर असेल तर विंडोज तो लक्षात ठेवतं आणि कुठल्याही पोर्टला लावला तरी तोच कॉम क्रमांक देतं. घरच्या टेबलावर हे वरदान. कारखान्यात मात्र डोकेदुखी, कारण तिथे चाचणीच्या संगणकाला प्रत्येक बोर्ड आयुष्यात एकदाच जोडला जातो. पहिला बोर्ड कॉम-३, पुढचा कॉम-४, आणि असं करत करत क्रमांक २५६ च्या हद्दीला भिडतो. म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत एक खास नोंद करता येते: या जातीच्या उपकरणाचा सिरियल नंबर बघू नकोस. ती नोंद केली की क्रमांक भोकाला चिकटतो, बोर्डला नाही.

आणखी एक जुनी खोड आहे. कॉम-९ पर्यंत पोर्टचं नाव साधं लिहिलं तरी चालतं. कॉम-१० पासून पुढे प्रोग्रॅममध्ये नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. कॉम-९ पर्यंत सुरळीत चाललेला प्रोग्रॅम कॉम-१० ला अडला तर आधी इथे पाहावं.

बोलावलं नव्हतं, तरी आले

२०२२ सालच्या उबुंटू २२.०४ मध्ये अनेकांचे सीएच-३४० बोर्ड जोडताक्षणी दिसत आणि लगेच गायब होत. कारण होतं बीआरएलटीटीवाय. अंधांसाठीची ब्रेल पट्टी संगणकाला जोडणारं हे अतिशय मोलाचं सॉफ्टवेअर. काही ब्रेल पट्ट्या हीच चिप वापरतात आणि तिचाच ओळख-क्रमांक सांगतात. त्यामुळे नॅनो बोर्ड दिसला की या सॉफ्टवेअरला ती ब्रेल पट्टी वाटे आणि ते पोर्ट ताब्यात घेई. इथेही मूळ अडचण तीच, दोन वेगळ्या वस्तूंचं नाव एक.

लिनक्सवरचा दुसरा पाहुणा म्हणजे मोडेम-मॅनेजर. नवा सिरियल पोर्ट दिसला की 'हा मोडेम तर नाही?' म्हणून तो त्यावर मोडेमच्या आज्ञा पाठवून बघतो. तुमच्या फर्मवेअरला सुरुवातीच्या सेकंदांत अगम्य अक्षरं मिळत असतील, तर शंका इथे घ्यावी.

पोर्ट उघडला, बोर्ड रीसेट

आर्डुइनो उनोचा सिरियल पोर्ट उघडला की बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे ती. मोडेमच्या काळातली डीटीआर नावाची एक रेषा १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडलेली असते, म्हणजे कोड टाकताना बटण दाबायला नको. ईएसपी-३२ च्या बोर्डांवर डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषा दोन ट्रान्झिस्टरमधून हेच काम करतात.

एका बोर्डला सोय असलेली ही गोष्ट सहा बोर्डांना महागात पडते. रात्रभर चाललेल्या चाचणीत पहाटे काहीतरी अडकलं, सकाळी तुम्ही 'बघू काय म्हणतोय' म्हणून टर्मिनल उघडलं, आणि पुरावा पुसला गेला. त्यामुळे सहाही पोर्ट सुरुवातीलाच उघडून ठेवावेत, सगळं फायलीत लिहीत राहावं, आणि पाहायचं ते फायलीत पाहावं.

रांगेतली मोजणी

आता या विषयातला माझा सर्वात आवडता भाग. जेटॅग.

१९८५ साली काही युरोपीय इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांच्या अभियंत्यांनी एकत्र येऊन गट बनवला. जेटॅग आज डीबगिंगसाठी वापरतात, पण त्यांचा प्रश्न डीबगिंगचा नव्हताच. बोर्डवरचे टाके नीट बसलेत की नाही, हे तपासायचं होतं. १९९० मध्ये त्याचं मानक झालं. चार तारा: एकीतून माहिती आत, एकीतून बाहेर, एक घड्याळाची, एक आज्ञेची. एका चिपची बाहेरची तार पुढच्या चिपच्या आतल्या तारेला जोडायची. अशी कितीही चिपांची माळ ओवता येते.

पण माळेत किती चिपा आहेत, हे संगणकाला कसं कळणार? युक्ती फार सुंदर आहे. आधी आज्ञेची तार उंच धरून घड्याळाचे पाच ठोके द्यायचे. चिपच्या आतल्या यंत्रणेच्या १६ अवस्था असतात, आणि ती कुठल्याही अवस्थेत असली तरी पाच ठोक्यांत मूळपदावर येते. मग सगळ्यांना नुसते १ पाठवायचे. सगळे १ म्हणजे 'बायपास'. ही आज्ञा प्रत्येक चिपला, ती कुणाचीही असो, कळलीच पाहिजे. बायपासमध्ये प्रत्येक चिप बरोबर एका बिटाची जागा अडवते. आता आत ० भरायचे, मग एक १ ढकलायचा आणि तो बाहेर यायला किती ठोके लागले ते मोजायचे. सात ठोके उशीर, म्हणजे सात चिपा. पीटीच्या तासाला रांगेतली मुलं 'एक, दोन, तीन' म्हणत जातात तशी ही मोजणी, फक्त इथे आवाज शेवटच्याचाच ऐकू येतो.

ओळखही अशीच मिळते. मूळपदावर आल्यावर प्रत्येक चिप आपला ३२ बिटांचा ओळखपत्ता बाहेर पाठवते, आणि त्याचा पहिला बिट नेहमी १ असतो. ज्या चिपकडे ओळखपत्ता नाही ती आपोआप बायपासमध्ये जाते आणि ० पाठवते. एवढ्या एका बिटावरून संगणकाला कळतं, पुढे ३२ बिट वाचायचे की पुढच्या चिपकडे वळायचं. ज्यांनी हे ठरवलं त्यांना पुढे अनोळखी चिपा येतील याची पक्की जाण होती.

याच ओळखपत्त्यावरून नकलाही पकडल्या जातात. 'ब्लू पिल' नावाच्या स्वस्त बोर्डांवर एसटीएम-३२ च्या जागी पुष्कळदा नक्कल बसवलेली सापडते. ओपन-ओसीडी हा डीबगिंगसाठी चिपशी बोलणारा प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडतो आणि सांगतो की हेक्स अंकांत लिहिलेला ओळखपत्ता १ ने सुरू व्हायला हवा होता, इथे तो २ ने होतोय.

एवढं देखणं असूनही वेगवेगळे बोर्ड कुणी जेटॅगच्या एका माळेत सहसा ओवत नाही. एकाची वीज गेली की अख्खी माळ तुटते. प्रत्येक बोर्डला स्वतंत्र प्रोब, हाच शहाणपणाचा मार्ग. आर्मने पुढे आणलेली एसडब्ल्यूडी तर दोनच तारांवर चालते. तिच्या नव्या आवृत्तीत त्याच दोन तारांवर अनेकांना बसवून, नाव पुकारून हव्या त्यालाच बोलतं करता येतं. पिकोच्या आरपी-२०४० मध्ये हेच आहे: दोन कोर, दोघांना वेगळं नाव, आणि कोड पूर्ण फसला तर सुटकेसाठी तिसरं. शिवाय एक पिको दुसऱ्या पिकोचा प्रोब होऊ शकते. २०२१ साली ४ डॉलरला आलेल्या बोर्डने डीबगिंगची साधनं विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतील अशी केली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

३३३३, ४४४४, ६६६६

ओपन-ओसीडी हा जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या डॉमिनिक राथ यांचा पदविका प्रबंध, २००५ चा. विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आलेलं हे साधन आज जगभर वापरलं जातं. ते तीन दारं उघडतं: जीडीबीसाठी ३३३३, टेलनेटसाठी ४४४४, टीसीएलसाठी ६६६६. दुसऱ्या बोर्डसाठी ते पुन्हा सुरू केलं की 'पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून अडतं. त्यामुळे प्रत्येक प्रतीला वेगळे क्रमांक द्यावेत, आणि प्रोबचा सिरियल नंबरही न विसरता द्यावा. तो दिला नाही तर ओपन-ओसीडी सापडेल तो प्रोब उचलतं, आणि भलत्याच बोर्डची फ्लॅश पुसली जाऊ शकते.

जीडीबी हा डीबगर स्वतः त्याहून जुना, १९८६ चा, रिचर्ड स्टॉलमन यांचा. एकाच जीडीबीतून एकाच वेळी वेगवेगळ्या बोर्डांशी जोडणी करायची सोय मात्र त्यात २०२० च्या दहाव्या आवृत्तीत आली. तोवर दर बोर्डमागे एक खिडकी उघडावी लागे.

एक थांबला, बाकीचे निघून गेले

एका बोर्डवर ब्रेकपॉइंट लावला की तो थांबतो. जग थांबत नाही. ब्लूटूथच्या जोडणीत समोरच्याकडून काही आलं नाही तर किती वेळ वाट पाहायची, याची मुदत ठरलेली असते आणि ती जास्तीत जास्त ३२ सेकंद असू शकते. तुम्ही चल वाचताय, विचार करताय, तोवर समोरचा जोडणी तोडून मोकळा. मग 'पुढे चला' म्हटलं की जो बिघाड दिसतो, तो तुम्हीच निर्माण केलेला असतो. अडकलेल्या बोर्डला रीसेट करणाऱ्या वॉचडॉगचंही तसंच. बऱ्याच चिपांमध्ये डीबगरने थांबवल्यावर वॉचडॉगही थांबवायची सोय असते, पण ती आपण चालू करावी लागते.

म्हणून अनेक बोर्डांच्या कामात लॉग हाच खरा आधार, आणि लॉगमध्ये वेळेची फसगत असते. ११५२०० च्या वेगाने ८० अक्षरांची एक ओळ पाठवायलाच जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. एफटीडीआयची चिप थोडी माहिती आली तर पाठवण्याआधी १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबते, ही मुदत आपल्याला कमी करता येते. म्हणजे पडद्यावर सेन्सरची ओळ गेटवेच्या ओळीआधी दिसली, तरी सेन्सर आधी बोलला असं होत नाही.

बरं, बोर्डाने स्वतःची वेळ लिहावी, तर प्रत्येकाचं क्रिस्टल वेगळं. दशलक्षात २० भाग इतकी चूक चांगल्या क्रिस्टललाही माफ असते. एक पुढे आणि एक मागे धावला तर दोघांत मिनिटाला अडीच मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडतो. दिवसभरात साडेतीन सेकंद! क्रम ठरवायचा असेल तेव्हा मी एकच उपाय मानतो: प्रत्येक बोर्डाची एक मोकळी पिन घ्यायची, महत्त्वाच्या क्षणी ती उंचवायची, आणि सगळ्या पिना एकाच लॉजिक ॲनलायझरला जोडायच्या. मग घड्याळ एकच राहतं आणि वाद मिटतो. आठ चॅनेलचा साधा ॲनलायझरही या कामाला पुरतो.

वीज आधी, शंका नंतर

यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो. स्वतःचा ॲडॅप्टर नसलेला हब त्यातले १०० स्वतःसाठी धरतो आणि उरलेले चार पोर्टना १००-१०० वाटतो, निदान नियम तरी असा. वाय-फायने प्रक्षेपण करताना एकटा ईएसपी-३२ साधारण २४० मिलिॲम्पिअर ओढू शकतो. तीन-चार बोर्ड एकदम वाय-फायला जोडू लागले की व्होल्टेज पडतं, आणि कुठला तरी बोर्ड 'ब्राउनआउट' म्हणून रीसेट होतो. दर वेळी वेगळा! तासन्‌तास कोड चाळला जातो. बिघाड कधी या बोर्डवर, कधी त्या बोर्डवर दिसत असेल तर आधी वीज तपासावी. ॲडॅप्टरवाला चांगला हब ही या कामातली पहिली खरेदी.

दुसरी गोष्ट केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात. बोर्डचा दिवा लागतो, संगणकाला मात्र काहीच दिसत नाही. अशी केबल सापडली की कामाच्या टेबलावरून ती कायमची काढून टाकावी.

शेकडो बोर्डांची शेती

सहावरून शेकड्यांकडे गेलं की मामला इमारतीचा होतो. हार्वर्डमध्ये मोट-लॅब नावाने सुमारे १९० सेन्सर बोर्ड इमारतभर बसवले होते. घरबसल्या कोड पाठवायचा, ते बोर्ड तो चालवायचे, आणि लॉग परत मिळायचा. फ्रान्समधल्या आयओटी-लॅबमध्ये अशा बोर्डांची संख्या हजारांवर गेली. तिथे प्रत्येक बोर्डच्या पाठीशी त्याला रीसेट करणारा, त्याची वीज मोजणारा सोबती असतो.

आपल्या टेबलावरही याचं छोटं रूप करता येतं. झेफायर या प्रणालीत 'ट्विस्टर' नावाचं साधन जोडलेले बोर्ड पाहून त्यांचा नकाशा फायलीत लिहितं: कोणता नंबर, कोणता पोर्ट. तुम्ही फक्त कोण कुठल्या जातीचा ते भरायचं. मग प्रत्येक चाचणी योग्य बोर्डवर आपोआप जाते.

अडकलेल्या बोर्डाची केबल काढून लावायला रात्री दोन वाजता उठायचं नसेल, तर यूएचयूबीसीटीएल हा छोटा, मोफत प्रोग्रॅम हबच्या एकेका पोर्टची वीज तोडून पुन्हा जोडतो. अट एकच: हबला ते खरोखर जमलं पाहिजे. 'जमतं' असं संगणकाला सांगणारे, पण आत वीज तोडणारा स्विचच नसलेले हब भरपूर मिळतात. विकत घेतल्याबरोबर एक बोर्ड लावावा, पोर्ट बंद करायची आज्ञा द्यावी आणि बोर्डवरचा दिवा पाहावा. दिवा लागलेलाच राहिला तर त्याच दिवशी तो हब दुकानात परत करावा.